खडूकाकांचं अर्धं चाक

टायरच्या दुकानात कुणाच्या कानावर पेन्सिल असते, कुणाच्या कानावर विडी. आमच्या एका माणसाच्या कानावर पांढरा खडू असायचा, म्हणून मी त्यांना खडूकाका म्हणायला लागलो आणि महिन्याभरात मालकीणबाईंपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे तेच म्हणायला लागले. टोपणनावं पाडण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. मला स्वतःला दुकानात वकील म्हणत, कारण कुठल्याही वादात मी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलू शकत असे, आणि सुट्टी संपल्यावरही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं तो सगळा या जिभेचाच प्रताप आहे. काकांची गोष्ट सांगायला मी काही लायक माणूस नाही. पण दुसऱ्या कुणाला ती पुरती ठाऊक नाही. खुद्द काकांनासुद्धा नाही.

काका तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. बुटके, रुंद पंजांचे, चष्म्याला दोरी बांधलेली. सव्वीस वर्षं त्यांनी दुकानात एकच काम केलं, गाडीला चाक लावायचं. त्यात काय मोठंसं, असं मलाही नवा असताना वाटलं होतं. काका आधी पाचही नट नुसत्या बोटांनी बसवत. मग पान्याने आवळत, तेही शेजारचे नाहीत, समोरासमोरचे. मग जॅक उतरवून गाडी जमिनीवर घेत आणि तो मोठा पाना लावत, जो पुरेसा जोर लागला की ‘टक’ करून सांगतो. पाच नट, पाच टक. आणि प्रत्येक टकनंतर कानावरचा खडू काढून नटावरून रिमवर एक सरळ पांढरी रेघ. नट पुढे केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. त्यानंतर दुसऱ्या माणसाने येऊन तोच पाना पुन्हा पाचही नटांना लावून बघायचा आणि पांढरीशेजारी पिवळी रेघ ओढायची. दोन्ही रेघा असल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली द्यायची नाही. हा दुसरा माणूस म्हणजे मी. नऊ वर्षं माझ्या शर्टाच्या खिशात पिवळा खडू होता.

पाना हातात असताना काका बोलत नसत. मध्येच कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्या नटापासून. एकदा एका साहेबांनी तिसऱ्या नटाच्या वेळी “अजून किती वेळ?” असं विचारलं. काकांनी निमूटपणे तिन्ही नट सैल केले आणि म्हणाले, “आता होता त्यापेक्षा जास्त.” उठायचीच वेळ आली, तर ते खडू चाकासमोर जमिनीवर उभा करून जात. उभा खडू म्हणजे अर्धं चाक. त्याला कुणी हात लावायचा नाही, कितीही घाई असो. मालकीणबाईसुद्धा त्या खडूला वळसा घालून जात. आम्ही मागे हसायचो, पण सव्वीस वर्षांत आमच्या दुकानातून गेलेलं एकही चाक निखळलं नव्हतं.

आता ससाण्याबद्दल सांगतो.

ससाणा म्हणजे गाड्यांच्या शर्यतीतला तो प्रसिद्ध शर्यतवाला. सगळे त्याला त्याच नावाने ओळखायचे. शर्यतीच्या मध्ये या गाड्या चाकं बदलायला थांबतात. तीन-चार सेकंदांचा खेळ. चार चाकांशी चार माणसं असतात, चाक बसलं की ज्याने त्याने हात वर करायचा, चारी हात वर झाले की गाडी सुटते. तीन वर्षांपूर्वी ससाण्याची गाडी सुटली आणि पहिल्याच वळणावर मागचं डावं चाक उडालं. ससाण्याची मांडी मोडली, मनगट मोडलं. डाव्या चाकाशी जो माणूस होता त्याला त्याच आठवड्यात काढून टाकलं. त्याचा हात वर झाला होता की नाही, की ससाण्यानेच घाई केली, हे कळायला मार्ग नव्हता, कारण कॅमेऱ्याच्या आड दुसराच कुणीतरी आला होता. तीन वर्षं ससाणा घरी बसला आणि आता, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, म्हणाला की मी परत येतोय.

झालं. आमच्या दुकानात दोन पार्ट्या पडल्या. ‘येऊ दे’ आणि ‘बसू दे’. ‘येऊ दे’चा पुढारी अर्थातच मी. ‘बसू दे’चा पुढारी लुकडा, म्हणजे आमचा पंक्चरवाला, फुंकर मारली तर उडेल असा. तो म्हणायचा, “जोडलेली हाडं घेऊन कुणी शर्यत करतं का? बसू दे की घरी. तरण्या पोरांची जागा अडवून ठेवतो.” मी म्हणायचो, “अरे, चाक त्या चाकवाल्याने ढिलं ठेवलं. ससाण्याने, आपल्या राजाने, काय करायचं? स्वतः उतरून नट आवळायचे?” गिऱ्हाइकं टायर बदलायला यायची आणि चाक लागून गेलं तरी बाकावर बसून भांडत राहायची. कुणीतरी भिंतीवर दोन रकाने आखले आणि जो येईल तो आपल्या पार्टीखाली रेघ मारायचा. मालकीणबाई वैतागून म्हणायच्या, “तो तिकडे कोटीत खेळतो आणि तुम्ही इकडे माझी भिंत खराब करता.”

काकांनी कुठेच रेघ मारली नाही. एकदाच, हात धुता धुता, मला विचारलं, “आणि तो चाकवाला? तो कधी परत यायचाय?”

“कोण चाकवाला?”

“ज्याला काढला तो.”

त्याचं नावसुद्धा आमच्यात कुणाला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, “काका, तुम्ही पण ना! कुठे ससाणा आणि कुठे चाकवाला!” सगळे हसले. काकाही थोडे हसले आणि हात पुसत गेले.

ससाण्याच्या पुनरागमनाची शर्यत रविवारी दुपारी होती. दुकानातला टीव्ही बाकांसमोर. त्याच वेळी पाववाल्याची व्हॅन आली, पुढचे दोन टायर बदलायला. पाववाला आमच्याच पार्टीचा, तो येऊन थेट टीव्हीपुढे लुकड्याशेजारी बसला. पहिल्याच फेरीत दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि शर्यत थांबवली. ससाणा सहावा होता. रस्ता झाडून झाला की पुन्हा सुरू होणार होती, कुठल्याही क्षणी.

काकांचं उजवं चाक झालं होतं. डाव्याचे पाचही नट बोटांनी बसवून एकच पान्याने आवळला होता, तेवढ्यात मालकीणबाईंनी हाक मारली. समोर एक ट्रकवाला आला होता, त्याला काकांनाच काहीतरी विचारायचं होतं. काकांनी खडू चाकासमोर उभा केला आणि गेले.

पाववाला तिकडून ओरडला, “वकीलसाहेब, किती वेळ? उरलेली शर्यत घरी जाऊन बघीन म्हणतो!” टीव्हीवरचा माणूस म्हणाला, दोन मिनिटं. इतके दिवस मी या माणसासाठी भांडलो होतो, घसा बसेपर्यंत. ते दिवे विझून गाड्या सुटतानाचा क्षण मला चुकवायचा नव्हता. बस, एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण सापडत नाही.

मी खडू उचलला. राहिलेले चार नट छोट्या पान्याने, चाक हवेत असतानाच, भराभर फिरवले. जॅक उतरवला. टकवाला पाना समोरच्या टोकाला होता, तो आणायला गेलोच नाही. काकांच्या खडूने पाच पांढऱ्या रेघा ओढल्या, माझ्या खडूने पाच पिवळ्या. पांढरा खडू पान्यांच्या पेटीवर ठेवला, किल्ली पाववाल्याच्या हातात दिली आणि टीव्हीपुढे जाऊन उभा राहिलो. तिकडे अजून दोन मिनिटंच होती.

काका आले. “व्हॅन कुठाय?”

“गेली.”

“गेली कशी? चाक अर्धं होतं. मी खडू उभा करून गेलो होतो.”

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? काका मला रागावले असते, पाववाल्याला फोन केला असता, तो पाच मिनिटांत परत आला असता. पण टीव्हीवर दिवे लागले होते. मी मान न वळवता म्हणालो, “कसला उभा खडू, काका? पाचही नटांवर तुमची पांढरी होती. मी तपासून पिवळी ओढली आणि सोडली.”

काकांनी कानावर खडू चाचपला. मग पेटीकडे बघितलं. “मग हा इथे कसा?”

“तुम्हीच ठेवलात की. का त्याला पाय फुटले?”

लुकडा हसला. “काका, परवा चष्मा कपाळावर आणि शोधताय दुकानभर! त्यातलाच प्रकार.” मीही हसलो. काका थोडा वेळ तिथेच उभे राहिले, रिकाम्या जागेकडे बघत. मग गाड्या सुटल्या आणि मी काकांना विसरलो. ससाणा चौथा आला. भिंतीवर ‘येऊ दे’खाली मी एकदम पाच रेघा मारल्या.

सोमवारी सकाळी पाववाल्याचं डावं चाक निखळलं. शाळेच्या वळणावर, पण शाळा भरायच्या आधी, म्हणून रस्ता रिकामा होता. व्हॅन भिंतीला घासत थांबली. पाववाल्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, पाव रस्ताभर झाले. चाक घरंगळत जाऊन एका न्हाव्याच्या पायरीला टेकलं होतं. बोल्टवर अडकून राहिलेला एक नट मालकीणबाईंनी आणून गल्ल्याच्या फळीवर ठेवला. पांढरी रेघ, पिवळी रेघ, दोन्ही ठळक. दुकानात कॅमेरा आहे, पण तो गल्ल्याकडे तोंड करून.

“बोला,” मालकीणबाई म्हणाल्या.

मी आधी बोललो. वकील ना मी! म्हणालो, “चूक माझी आहे, बाई. पांढरी दिसली, काकांची आहे म्हटल्यावर पाना लावून बघितलं नाही. डोळे झाकून विश्वास ठेवला.” या वाक्याची मला आजही शिसारी येते. कबुली माझी आणि आरोप दुसऱ्यावर, असं एकाच वाक्यात बसवायला केवढी अक्कल लागते बघा. आणि ते मला सुचायला एक क्षणही लागला नाही.

काका म्हणाले, “त्याची काय चूक? माझी पांढरी बघून कुणीही ओढली असती.” त्यांनी नट हातात घेतला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला. “मला आठवतं ते असं, की मी एक नट आवळून उठलो. खडू उभा केला. अगदी स्वच्छ आठवतं. पण खूण तर इथे आहे. म्हणजे मला आठवतं ते खरं नाही.”

 तेव्हाही मी मूग गिळून उभा. काकांनी नट खाली ठेवला. कानावरचा खडू काढून त्याच्या शेजारी ठेवला.

“काका, महिनाभर रजा घ्या,” मालकीणबाई म्हणाल्या. 

“रजा संपल्यावर डोकं नवीन मिळतं का, बाई?” काका म्हणाले आणि डबा घेऊन निघाले. मी म्हणालो, मोटरसायकलवर सोडतो. ते माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “तू कशाला जिवाला लावून घेतोस? तुझं काय चुकलं?”

काका गेल्यावर दुकानात त्यांच्यावरूनच दोन पार्ट्या पडल्या. भिंत तीच, रकाने तेच. काकांना परत बोलवावं का, नको का. लुकडा म्हणायचा, “सव्वीस वर्षांत एक चूक. येऊ दे की परत.” आणि मी? मी म्हणायचो, “वय झालंय. जिवाशी खेळ आहे हा. बसू दे घरी.” लुकड्याने मला खालीवर न्याहाळलं. “काय वकीलसाहेब, पार्टी बदललीत? एकोणचाळीस वर्षांचा मोडका माणूस चालतो आणि आपला काका चालत नाही?” मी म्हणालो, “ते वेगळं, हे वेगळं.” काका परत आले असते तर मला रोज त्यांच्या पांढरीशेजारी पिवळी ओढावी लागली असती. ते मला झेपलं नसतं, हे खरं कारण. वर मी मोठ्या मनाने सांगत फिरायचो, “माझ्यावर बालंट आलं होतं, पण म्हाताऱ्या माणसावर काय राग धरायचा? मी मनातून काढून टाकलंय.” गिऱ्हाइकं माना डोलवायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

दीड महिन्याने ससाण्याची मुलाखत लागली. मी घरी जेवत होतो. विचारणाऱ्या बाईने विचारलं, त्या चाकवाल्याबद्दल आज तुम्हाला काय वाटतं? ससाणा हसला. छान दिसतो हसताना. म्हणाला, “माणसाकडून चूक होते. मी त्याला केव्हाच माफ केलंय.”

समोर बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचं खरं की खोटं, मला माहीत नाही. हात वर झाला होता की नाही, ते तो जाणे आणि चाकवाला जाणे. पण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. शब्द बदलले असतील, तोंड तेच होतं.  मी ताट सरकवलं.

बायकोने विचारलं, “काय झालं? टाळ्या मिळाल्या ना तुमच्या राजाला?”

मी तिला सगळं सांगितलं. खडू उचलला तिथपासून. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. शेवटी म्हणाली, “अहो, त्या माणसाला वाटतंय की त्याचं डोकं फिरलंय. दीड महिना वाटतंय. आणि तुम्ही दोन्ही वेळ जेवताय?” मग उठून ताट उचललं. “मला काय सांगता? ज्याचं आहे त्याला जाऊन सांगा.”

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी गेलो.

काका लेकीकडे राहतात. तळमजल्यावर दोन खोल्या. लेक दवाखान्यात कामाला, नात दुसरीत. कामावर यायच्या आधी रोज काका नातीला हात धरून शाळेत सोडत, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मग तिच्या गमती आम्हाला ऐकाव्या लागत. दार त्यांनीच उघडलं. बारीक झाले होते, पण मला बघून खरोखर आनंदले. “बस, बस. चहा टाकतो.”

ते चहा करायला वळले आणि मला दिसलं. गॅसच्या बटणावरून शेगडीवर ओढलेली एक पांढरी रेघ. मोरीच्या नळावर एक. खिडकीच्या कडीवर. औषधांच्या डबीच्या झाकणावर, तारीख घालून. जिकडे बघावं तिकडे पांढऱ्या सरळ रेघा, आणि काहींच्या शेजारी पिवळ्या.

“दुकानाचीच पद्धत ठेवलीय,” काका म्हणाले, थोडे ओशाळून. “बंद केलं की पांढरी ओढतो. संध्याकाळी लेक आली की तपासते, ती पिवळी ओढते. तिला बिचारीला काम वाढलं. पण हल्ली मला माझीच खात्री वाटत नाही.”

“आणि नात?”

“शेजारची बाई नेते. मी नाही नेत आता.” त्यांनी चहा गाळला. “रस्ता ओलांडताना मध्येच विसरलो तर? तिथे खडू कुठे उभा करू?”

 मी कप हातात घेतलाच नाही. म्हणालो, “काका, तुमचं काही विसरलेलं नाही. ते चाक अर्धंच होतं. खडू तुम्ही उभा केला होता. मी उचलला. पांढऱ्या रेघा मी ओढल्या.” आणि सगळं सांगितलं, शर्यत, दोन मिनिटं, छोटा पाना, पेटीवर ठेवलेला खडू.

काका ऐकत राहिले, पाना हातात असल्यासारखे. माझं बोलणं संपलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, “लेकीने बोलावलं ना तुला?”

“नाही काका.”

“मग बाईंनी पाठवलं. मला परत न्यायला.”

“कुणी पाठवलं नाही. खरं सांगतोय. आईची शप्पथ.”

“शपथ नको रे घेऊ. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटी शपथ कशाला घेतोस?”

“अहो, एकच नट आवळला होता तुम्ही! खडू चाकाच्या बरोबर समोर होता!”

“हे सगळं मीच सांगितलं होतं त्या दिवशी. तू तेच मला परत सांगतोयस.” ते हसले. “वकील आहेस. अशिलासाठी काय वाटेल ते बोलशील. पण तुझ्याइतकं कुणी केलं नाही हं माझ्यासाठी. स्वतःवर घ्यायला निघालास.”

मी आणखी काय सांगणार होतो? माझ्याकडे जो काही पुरावा होता तो त्यांच्याच तोंडचा होता, आणि तो खोटा आहे हे मीच त्यांना पटवून दिलं होतं.  मी चहा प्यालो आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी एका क्षणात विश्वास ठेवला. तोही एक चटका होता. त्यांनी फक्त हात पुढे केला, मी खिशातला पिवळा खडू त्यांच्या हातावर ठेवला. तेव्हापासून मी पंक्चर काढतो, लुकड्याच्या हाताखाली. लुकडा एका शब्दाने टोचत नाही. त्याने टोचलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पाववाल्याकडेही गेलो. त्याने दारातच उभ्याने ऐकलं, विश्वास ठेवला आणि दार लावून घेतलं. भिंतीवरचे दोन्ही रकाने मी ओल्या फडक्याने पुसून काढले.

मालकीणबाई स्वतः काकांकडे जाऊन आल्या. काकांनी त्यांनाच समजावलं, “बाई, त्या पोराला असलं काही बोलायला लावू नका. बायकोमुलांचा माणूस आहे, नाव खराब होईल त्याचं.” बाई परत आल्या आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेल्या.

मी मात्र जायचं सोडलं नाही. रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. रोज एकदा तरी सांगतो, काका, खडू मी उचलला. ते रोज म्हणतात, बरं बरं. मग मी म्हणतो, चला, नातीला शाळेतून आणू. ते म्हणायचे, नको रे.

परवा म्हणाले, “तू बरोबर असशील तर येतो.”

मी त्यांचा सदरा खुंटीवरून काढून दिला, चपला दारात सरळ करून ठेवल्या. काकांनी गॅसचं बटण दाबून बघितलं, कानावरचा खडू काढून जुन्या रेघेवरून पांढरी रेघ ओढली. रेघ सरळच. मग बाजूला झाले. “तू बघ. आणि पिवळी ओढ.”

“माझा पिवळा काढून घेतलाय बाईंनी.”

“अजून दिला नाही परत? कमाल आहे.” ते आतल्या खोलीत गेले आणि नातीच्या रंगीत खडूंच्या डबीतून एक पिवळा घेऊन आले. “घे. नऊ वर्षं तुझ्या खुणेवर गाड्या सोडल्यात मी.”

मी बटण बघितलं. बंद होतं. पुन्हा बघितलं. खाली वाकून नळी बघितली, सिलिंडरचं बटण बघितलं, परत वर येऊन शेगडीचं बघितलं. मग पांढरीशेजारी पिवळी रेघ ओढली.

“झालं?” काकांनी दारातून विचारलं.

“झालं, काका.”

त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. चपला घातल्या, माझा हात धरला आणि पायरी उतरले.